खडू कुणाच्या हातात?

नियोजनाच्या बैठकीला गेले की मी आधी बघते, नकाशा काढणारा खडू कुणाच्या हातात आहे. माझ्या पहिल्या बैठकीत तो माझ्याच हातात होता. रस्ते काढले, शाळा काढली, पाण्याची टाकी काढली. सगळे माना डोलावत होते. मग मागे उभ्या असलेल्या एका आजींनी विचारलं, "बाई, यात आमची घरं कुठंयत?"

नव्हतीच. मी खडू त्यांना दिला. त्यांनी आपली वस्ती काढली, पाण्यासाठी तुडवावी लागणारी वाट काढली आणि अंधार पडल्यावर मुली जिथून जात नाहीत तो कोपराही काढला.

अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाईन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. लोकांचं मत विचारणं ही तिच्यातली जेमतेम चौथी पायरी. निर्णयाचा अधिकार वरच्या तीन पायऱ्यांवरच येतो. मला या अधिकारातला पैशाचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून वस्त्यावस्त्यांतले लोक शहराच्या अंदाजपत्रकातल्या कामांचा क्रम ठरवू लागले. केरळने १९९६ मध्ये योजना निधीचा, म्हणजे राज्याच्या विकासकामांच्या पैशाचा, ३५ ते ४० टक्के भाग ग्रामपंचायती-नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांकडे द्यायचं ठरवलं. निधीच हाती नसेल, तर मोलमजुरी बुडवून बैठकीला कोण येणार, आणि का यावं?

त्या आजी पुढच्या बैठकीला आल्या. या वेळी पुढे बसल्या, सोबत चौघीजणी घेऊन. बैठकीची वेळही त्यांनीच बदलून घेतली होती.