रेल्वेचं खिशातलं घड्याळ ओळखताना: एका हॅमिल्टन ९९२चा माझा अनुभव

मागच्या झाकणावर धूर सोडणारं इंजिन कोरलेलं असेल, तर मी ते घड्याळ आधी बाजूला ठेवतो. अशी डबी, म्हणजे बाहेरचं कवच, असलेली खरी घड्याळंही आहेत. पण इंजिनाचं चित्र हे गिऱ्हाइकाला भुलवायचं जुनं साधन आहे. १८८० नंतर अमेरिकेत नकली स्विस घड्याळांचा सुळसुळाट झाला होता, आणि त्यांच्यावर इंजिनं भरपूर आहेत. ज्या घड्याळावर गाड्या चालायच्या, त्याची डबी बहुधा साधी, गुळगुळीत आणि घासलेली असते. ओळख डबीवर नसते, आतल्या मशीनवर असते. माझ्या हॅमिल्टन ९९२ची खरेदी, ओळख आणि दुरुस्ती या क्रमाने कशी झाली ते लिहितो. तीच पद्धत वॉल्थॅम, एल्जिन, इलिनॉय, हॅम्पडेन या इतर अमेरिकन कंपन्यांच्या घड्याळांनाही लागू पडते.

नियम कुठून आले ते थोडक्यात. एप्रिल १८९१मध्ये ओहायोतल्या किप्टन इथे दोन गाड्यांची टक्कर झाली. एका इंजिन ड्रायव्हरचं घड्याळ मध्येच काही मिनिटं थांबून पुन्हा चालू झालं होतं, असं कारण सांगितलं जातं. त्यानंतर क्लीव्हलंडचे जवाहिरे वेब बॉल यांच्याकडे घड्याळ तपासणीची व्यवस्था सोपवली गेली, आणि पुढच्या काही वर्षांत नियम कडक होत गेले. तबकडी उघडी हवी, झाकणाची नको. चावी, म्हणजे फिरवायचं बटण, १२वर हवी. आकार १८ किंवा १६ (ही अमेरिकन मापं, मिलिमीटरमध्ये किती ते पुढे येईल). किमान १७ ज्वेल (झीज कमी व्हावी म्हणून आत बसवलेले कठीण खडे), पाच स्थितींत, म्हणजे आडवं-उभं वेगवेगळं ठेवून, जुळवलेलं, आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक नको. म्हणजे दिवसाला साधारण सव्वाचार सेकंद. पांढऱ्या तबकडीवर ठळक काळे इंग्रजी आकडे, जाड काटे आणि वेळ लावायला लिव्हर.

लिव्हरची अट नीट समजून घ्या, कारण ओळखताना तीच सर्वांत आधी हाताला लागते. साध्या घड्याळात चावी ओढली की काटे फिरतात. चावी देताना ती चुकून ओढली गेली तर वेळ बदलते आणि लक्षातही येत नाही. म्हणून समोरची काच आट्यांवरून काढायची, तबकडीच्या कडेखालून, बहुधा १ ते २च्या दरम्यान, एक बारीक पोलादी पट्टी नखाने बाहेर ओढायची, मग चावी फिरवून काटे लावायचे आणि पट्टी परत आत ढकलायची. पट्टी अडली तर जोर लावू नका. ती मोडते आणि सुटी मिळणं कटकटीचं असतं.

विकत घेण्याआधी मी चार फोटो मागतो: तबकडी, मशीनचा सरळ वरून आणि स्पष्ट, मागच्या झाकणाची आतली बाजू, आणि काच काढून लिव्हर बाहेर ओढलेला. विकणारा मशीनचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर तो सौदा तिथेच संपतो.

मशीनच्या फोटोत पाच गोष्टी वाचायच्या. कंपनीचं नाव आणि गाव (हॅमिल्टन असेल तर लँकास्टर, पेनसिल्व्हेनिया), ग्रेड (मशीनचा प्रकार), ज्वेलची संख्या, किती स्थितींत जुळवलंय, आणि अनुक्रमांक. हॅमिल्टनची सोय अशी की ग्रेडचा आकडा प्लेटवरच असतो. ९९२ म्हणजे १६ आकार, उघडी तबकडी, २१ ज्वेल, पाच स्थिती. इलिनॉय आकड्याऐवजी ‘बन स्पेशल’ असं नाव कोरतं, वॉल्थॅमवर ‘व्हॅन्गार्ड’ किंवा ‘क्रेसेंट स्ट्रीट’ दिसतं. एल्जिन मात्र अनेकदा ग्रेड लिहीतच नाही. अनुक्रमांक तक्त्यात शोधल्याशिवाय काही कळत नाही. ‘एल्जिन रेलरोड वॉच’ म्हणून विकायला ठेवलेली कितीतरी घड्याळं ७ किंवा १५ ज्वेलची निघतात. ती चांगली घड्याळं असतील, रेल्वेची नाहीत. ‘बॉल’ हे नाव दिसलं तर लक्षात ठेवायचं की बॉल स्वतः मशीन बनवत नव्हते. हॅमिल्टन, वॉल्थॅम वगैरेंकडून ती बनवून घेतली जात, आणि त्यांच्या क्रमांकांचा तक्ता वेगळा आहे.

अनुक्रमांक नेहमी मशीनवरचा बघायचा. डबीवरचा क्रमांक डबी बनवणाऱ्या कंपनीचा असतो, त्यावरून साल काढणं व्यर्थ आहे. हॅमिल्टनचे क्रमांक ग्रेडनुसार गठ्ठ्यांनी दिले जायचे, म्हणून तक्त्यातलं सालही अंदाजाचंच धरावं. ‘सी’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असेल तर ते ९९२ नाही, १९४० नंतरचं ९९२बी आहे: सहा स्थितींत जुळवलेलं, एलिन्व्हार या तापमानाचा फारसा परिणाम न होणाऱ्या मिश्रधातूच्या हेअरस्प्रिंगचं (बॅलन्स नावाच्या झुलणाऱ्या चाकाची केसासारखी बारीक स्प्रिंग), आणि किमतीतही वेगळं.

ज्वेल मोजणं शिकून घ्या, कारण नकली माल इथेच पकडला जातो. आपण एचएमटीच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ वाचत मोठे झालो. ते १७ कुठे असतात ते पाहू. सात तर बॅलन्सभोवतीच: दोन भोकाचे, दोन टोपीचे (भोक वरून झाकणारे), एक रोलरचा (बॅलन्सच्या दांडीवरच्या चकतीचा), दोन पॅलेटचे खडे (पॅलेट म्हणजे एस्केप व्हील हे शेवटचं चाक अडवून सोडणारा भाग). तिसरं चाक, चौथं चाक, एस्केप व्हील आणि पॅलेटची दांडी, यांना वर-खाली दोन-दोन धरले की पंधरा. मधल्या चाकाचे दोन, झाले सतरा. पॅलेट आणि एस्केपला वर-खाली टोपीचे चार, झाले एकवीस. मेनस्प्रिंग, म्हणजे चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी स्प्रिंग, ज्यात असते त्या पिंपाला दोन लावले की तेवीस. वरच्या प्लेटवर यातले निम्मेच दिसतात, पण टोपीचे ज्वेल आहेत की नाही हे भिंगातून कळतं. ‘२३ ज्वेल’ लिहिलंय आणि पिंपाच्या मध्यभागी नुसता पितळी ठिपका, असं दिसलं की समजून जायचं.

दुसरी खूण बॅलन्स व्हीलची. ‘ॲडजस्टेड’ लिहिलेल्या जुन्या मशीनचं बॅलन्स बाहेरून पितळ आणि आतून पोलाद असं दुपदरी असतं आणि रिंग दोन ठिकाणी कापलेली असते. तापमान बदललं की टोकं आत-बाहेर सरकून वेळ सावरतात. नकलीत रिंग अखंड असते, किंवा कापल्याची नुसती रेघ ओढलेली असते. पण हा नियम एलिन्व्हारच्या घड्याळांना लावू नका. ९९२बीचं बॅलन्स अखंडच असतं, आणि त्यावरून अस्सल माल नकली ठरवणारेही भेटतात.

आकार मोजायला साधा व्हर्नियर पुरतो. तबकडीकडच्या प्लेटचा व्यास १६ आकाराला ४३.२ मिलिमीटर, १८ला ४४.९. डबीचा बाहेरचा व्यास मोजून काही कळत नाही.

आता डबी. त्या काळी मशीन आणि डबी वेगवेगळी विकली जायची, दुकानदार गिऱ्हाइकासमोर ती बसवून द्यायचा. त्यामुळे ‘मूळ डबी’ हा शब्द जपून वापरावा. पण नंतर कुणी डबी बदलली असेल तर ते दिसतं. मशीन धरून ठेवणाऱ्या दोन स्क्रूंचे ओरखडे डबीच्या आतल्या कडेवर असतात. ओरखड्यांची एकच जोडी असेल तर बरं, दोन असतील तर डबीत आधी दुसरं मशीन होतं. लिव्हरसाठी कडेला खाच आहे का, आणि ती लिव्हरच्याच जागी आहे का, तेही बघायचं. चावी ३वर आणि सेकंदाची छोटी तबकडी ६वर असेल, तर झाकणाच्या घड्याळाचं मशीन उघड्या डबीत घातलेलं आहे. ते रेल्वेच्या नियमात बसत नाही.

आतल्या बाजूला ‘१४ कॅरट, २५ वर्षं हमी’ असं असेल तर सोनं भरीव नाही. पितळेवर सोन्याचा पत्रा दाबलेला असतो, ‘गोल्ड फिल्ड’, आणि वर्षांची हमी पत्रा झिजण्याची आहे. भरीव सोन्याला कुणी वर्षांची हमी देत नाही. कडीच्या खाली, चावीच्या दात्यांवर आणि कडेला पितळ उघडं पडलंय का ते पाहावं.

तबकडी इनॅमलची असेल तर तिरप्या उजेडात केसाएवढ्या भेगा दिसतात. एखादी बारीक भेग मी चालवून घेतो. काट्यांच्या भोकापासून कडेपर्यंत गेलेली मात्र चालवून घेत नाही. मिनिटांचे १ ते ६० सगळे आकडे छापलेली ‘मॉन्टगोमेरी’ तबकडी महाग असते, म्हणून ती नंतर बसवल्याचेही प्रकार होतात.

आणि एक भेद. ‘रेल्वे ग्रेड’ म्हणजे नियमात बसेल असं घड्याळ. ‘रेल्वेमान्य’ म्हणजे एखाद्या ठरावीक रेल्वेच्या यादीत त्या काळी असलेलं. विकणारे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. आणि अमुक घड्याळ खरोखर कुणा गार्डच्या खिशात होतं, हे तपासनिसाचं कार्ड वगैरे कागद सोबत असल्याशिवाय सांगता येत नाही. आपल्याकडच्या जुन्या बाजारात ‘रेल्वेचं घड्याळ’ म्हणून जे मिळतं ते बहुधा स्विस असतं, तबकडीवर ‘वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे-कलकत्ता’ असं नाव असलेलं. तो वेगळा आणि छान विषय आहे, पण वरचे नियम त्याला लावू नयेत.

आता दुरुस्ती. घड्याळ हातात आल्यावर लगेच चावी भरून चालवून बघायचा मोह आवरा. वाळलेल्या तेलात चालवलं की चाकांची टोकं झिजतात. आधी होकायंत्र वर धरायचं. सुई टिकटिकीबरोबर थरथरली तर पोलादात चुंबकत्व शिरलंय, आणि हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटून घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जाऊ शकतं. चुंबकत्व काढायचं यंत्र स्वस्त असतं.

डबी आट्यांची आहे की बिजागरीची ते उघडण्याआधी ठरवा. आट्यांची असेल तर रबराच्या तुकड्याने धरून डावीकडे फिरवायची. अडली तर आट्यांवर तेलाचा थेंब आणि एक रात्र. काही डब्यांत मागचं झाकण निघतच नाही. समोरची काच काढून मशीन बिजागरीवर बाहेर फिरवायचं असतं. तिथे चावी आधी बाहेर ओढली नाही तर तिची दांडी तुटते.

मशीन काढण्याआधी मेनस्प्रिंग उतरवायची: चावी चिमटीत घट्ट धरून दात्यांतली खिट्टी बाजूला करायची आणि चावी बोटांतून हळूहळू फिरू द्यायची. हे न करता बॅलन्स आणि पॅलेट काढलं तर सगळी चाकं भर्रकन सुटतात, दाते जातात. मग काटे काढताना खाली प्लॅस्टिकचा तुकडा हवा, नाहीतर इनॅमलचा टवका उडतो. तबकडीच्या पायांचे तीन स्क्रू प्लेटच्या कडेला असतात. ते फक्त सैल करायचे, पूर्ण काढायचे नाहीत.

धुताना एक गोष्ट घड्याळजीसुद्धा विसरतात: पॅलेटचे खडे आणि रोलरचा ज्वेल लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हे दोन भाग आयसोप्रोपिलमध्ये ठेवायचे नाहीत, लायटरच्या पेट्रोलमध्ये झटपट धुवायचे. मेनस्प्रिंग जुनी निळ्या पोलादाची असेल आणि बाहेर काढल्यावर लहान घट्ट गुंडाळीसारखी राहत असेल तर ती थकली आहे. नवी पांढऱ्या धातूची घ्यावी, पण मागवण्याआधी बाहेरच्या टोकाला ‘टी’ आहे की भोक ते पाहावं. ते चुकलं तर पिंपात अडकतच नाही.

जोडताना वरची मोठी प्लेट दाबून बसवायची नाही. पिंपाकडून सुरुवात करून एकेक चाकाचं टोक चिमट्याने भोकात सरकवायचं. प्लेट आपोआप खाली बसते. तेल अगदी कमी: बारीक टोकांना मोबियस कंपनीचं ९०१०, जड चाकांना डी५, पॅलेटच्या खड्यांना ९४१५. चाकांच्या दात्यांना, पॅलेटच्या शिंगांना आणि रोलरच्या ज्वेलला अजिबात नाही.

टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) ठोके तासाला १८,००० लावायचे, लिफ्ट अँगल (पॅलेटशी गाठ पडताना बॅलन्स जेवढं फिरतं तो कोन) ५२ अंश बहुतेकांना चालतो. पूर्ण चावीवर तबकडी वर असताना ॲम्प्लिट्यूड (बॅलन्सचा झोका) २७० ते ३०० अंश, उभ्या स्थितीत २२०च्या वर आणि टिक-टॉक या दोन ठोक्यांतला फरक एक मिलिसेकंदाच्या आत मिळाला की मी थांबतो. तबकडी वर आणि तबकडी खाली या दोन स्थितींत ॲम्प्लिट्यूडचा फरक मोठा असेल तर बॅलन्सच्या एका टोकाला झीज आहे. घड्याळ पडलं की आधी तेच जातं, कारण ९९२मध्ये धक्का सोसायची सोय नाही. तिथे रेग्युलेटर (चाल कमी-जास्त करायची दांडी) हलवून उपयोग नसतो, स्टाफ, म्हणजे बॅलन्सचा आस, बदलावा लागतो, आणि तो लेथ असलेल्या माणसाकडेच द्यावा.

स्टाफ ठीक असेल तर बारीक स्क्रूने रेग्युलेटर अगदी थोडा सरकवायचा, चोवीस तास चावी वरच्या बाजूला ठेवून घड्याळ टांगायचं आणि मगच पुन्हा हात लावायचा. मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात पोलादी हेअरस्प्रिंगवर एक तांबडा ठिपका पडला तरी वेळ बिघडते. म्हणून जून ते सप्टेंबर ते हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावं, आणि पुडी ओलावली की बदलावी.