कडी काढलेला रुपया आणि ‘सर, ते जुनं आहे’

ऑनलाइन खरेदीच्या साइटवर तक्रारीच्या फॉर्ममध्ये कारण निवडायचं होतं. पर्याय काय, तर वस्तू फुटली, वेगळीच आली, साइज बसली नाही, आवडली नाही. रुपयाला साइज! मी मागवला होता १९११ सालचा पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया. ‘मूळ स्थितीत, न घासलेला’ असं वर्णन वाचूनच पैसे भरले होते. हातात आला तो कधीकाळी माळेत ओवलेला, मग कडी कापून, कानस मारून, वर पॉलिश करून चकचकीत केलेला. हे सांगायला त्या यादीत जागाच नव्हती.

ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हाच तो ‘डुक्कर छाप’ रुपया. राजाच्या झग्यावर बारीकसा हत्ती आहे, पण पहिल्या ठशात तो असा काही उतरला की लोकांना डुक्कर दिसलं. ओरड झाली आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला गेला. त्यामुळे १९११ ला भाव जास्त आणि लबाडीही जास्त. विक्रेत्याच्या फोटोत नाणं पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये होतं, म्हणजे कड पूर्ण झाकलेली. कडेचा वेगळा फोटो मागायचा. देत नसेल तर तिथंच विषय संपवायचा.

शंका आल्यावर आमच्या कोल्हापुरातल्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, ओळखीच्या सराफांकडं गेलो. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, नाणं दोन बोटांत धरून हळूहळू फिरवलं आणि मुकुटाच्या बरोबर वर थांबले. ‘ह्याला कडी हुती की वो. हितं बघा, रेघा मोडल्यात.’ रुपयाच्या कडेला बारीक उभ्या रेघा असतात. तेवढ्याच जागी त्या बुजून सपाट झालेल्या आणि चांदीवर किंचित पिवळट झाक. ती डाखाची, म्हणजे कडी जोडताना वितळवून लावलेल्या धातूची. वजन केलं, ११.६० ग्रॅम भरलं. मूळ रुपया ११.६६ चा. वजनाची चिठ्ठी घेतली आणि वाटलं, पुरावा झाला.

त्या चिठ्ठीनंच घात केला. पण ते नंतर.

आधी चॅट. ‘सर, प्रॉडक्ट जुनं आहे, त्यामुळे झीज नॉर्मल आहे.’ मी म्हटलं, झीज नाही, याला कडी होती. उत्तर आलं, ‘सर, आपल्याला कडी मिळाली नाही का?’ मी पुन्हा समजावून लिहिलं. तोवर चॅटवरचा माणूस बदलला. नव्या माणसाचं ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो’ पासून सुरू. फोटो पुन्हा टाका. मी टाकले. ‘सर, फोटोत वस्तू तुटलेली दिसत नाही.’ नाही दिसणार, कारण ती तुटलेली नाहीच! जुन्या वस्तूचं नुकसान म्हणजे तिचे तुकडेच व्हायला हवेत, असा तिकडं ठाम समज. शंभर वर्षं हातोहात फिरून गुळगुळीत झालेलं नाणं आणि कुणीतरी गेल्या वर्षी कानस मारलेलं नाणं, यातला फरक त्यांच्या यादीत बसत नव्हता.

मग मी वजनाची चिठ्ठी जोडली. दुसऱ्या दिवशी मेल: ‘वजन योग्य असल्याने वस्तू अस्सल आहे. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ खाली पाच चांदण्या, आमची सेवा कशी वाटली? अस्सल आहे हे मी कधी नाकारलं होतं? तक्रार पुन्हा उघडायला पुन्हा तोच फॉर्म, तीच साइज. आणि इकडं परत करायची मुदत सरत चाललेली. चिडून फोन केला, तर पलीकडच्या बाई फार गोड बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, ‘सर, तुम्ही एकदा चॅट करून बघा ना.’

सुटलं ते नाण्याबद्दल बोलणं बंद केल्यावर. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क साइटवर द्यावा लागतो. पान अगदी तळाला लपवलेलं असतं, शोधा. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल. माल जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. मी मेल लिहिला तो एवढाच: वर्णनात ‘न घासलेला’ आहे, आलेलं नाणं घासलेलं आणि डाख दिलेलं आहे. सोबत वर्णनाचा स्क्रीनशॉट आणि कडेचा फोटो, दिवा बाजूनं धरून काढलेला, म्हणजे ओरखडे उठून दिसतात. जॉर्ज नाही, डुक्कर नाही. वर्णनाचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवायचा, नंतर मजकूर बदलतो.

त्याच दिवशी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली आणि मेलमध्ये तिचा क्रमांक घातला. जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी आहे, हेही लिहिलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, वकील लागत नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो. म्हणजे विक्रेता कुठलाही असो, यायचं त्यानं कोल्हापूरला. हे वाक्य लिहिताना मला भलतंच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पैसे परत मंजूर झाले. न्यायला आलेल्या पोरानं मोबाईलवरची यादी वाचून विचारलं, ‘काका, ब्रँडचा टॅग हाय का?’ मी त्याला राजा दाखवला. त्यानं ‘हाय’ वर टिक केली.

एक राहिलं. पाकीट फोडताना व्हिडिओ काढाच, पत्त्याच्या लेबलपासून सुरुवात करून. आणि नाणं धुऊ नका. आमच्या आईनं लगेच रिठ्याचं पाणी काढलं होतं, तिला अडवलं. आपण एकदा हात फिरवला की घासलं कुणी, हा वाद सुरू होतो, आणि चांगल्या नाण्याची किंमतही जाते. स्वस्त प्लॅस्टिकच्या पाकिटात राहून हिरवट चिकटा आला असेल तर तेवढ्यापुरतं शुद्ध ॲसिटोन चालतं, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे. तेही परत करायचं नसेल तरच.

१९११ चा रुपया अजून मिळालेला नाही. गुजरीतल्या सराफांना सांगून ठेवलंय, मोडीत आला तर मुशीत टाकायच्या आधी फोन करा. ते म्हणाले, ‘चांदीच्या भावानं न्हाई मिळायचा बरं का आता, तुम्हीच मला शिकवलंय.’