शिवराक

चार वर्षांपूर्वी एका रात्री उजव्या पायाचा अंगठा असा ठणकायला लागला की चादरीचं टोकही त्याला सोसवेना. रक्त तपासलं, युरिक ॲसिड ८.४. डॉक्टर म्हणाले, बांगडा, तारली, कोलंबी कमी करा, बीअर आणि गोड कोल्ड्रिंक बंद, पाणी भरपूर प्या, वजन उतरवा. मी यातलं पहिलंच वाक्य ऐकलं आणि तेही वाढवून. मासे, मटण, अंडी, सगळंच सोडून मोकळा झालो. अर्धवट पथ्य आपल्याला झेपत नाही.

मालवणला आईला फोन करून सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "मगे भात कशावांगडा जेवतलंस, झिला?"

भात कशाबरोबर जेवणार, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काय खायचं नाही एवढंच मी ठरवलं होतं. आणि पुण्यात शाकाहारी माणसाची सोय नको तितकी. सकाळी साबुदाण्याची खिचडी, अकराला वडापाव, हॉटेलात गेलो की पनीर, रात्री वरण-भात. शिवाय मासे सोडल्याच्या पुण्याईवर एक जिलबी जास्तीची. कोल्ड्रिंक तर शंभर टक्के शाकाहारी! सहा महिन्यांत वजन तीन किलो वाढलं आणि युरिक ॲसिड ८.४ वरून ८.२ वर आलं.

"साखरेनंही वाढतं ते. सांगितलं होतं मी," डॉक्टर म्हणाले. सांगितलं होतं खरं.

डाळीही बंद करायच्या का, असं मी घाबरत विचारलं, तर उलट ओरडाच बसला. युरिक ॲसिड ज्यापासून बनतं ते प्युरीन कडधान्यांतही असतं, पण त्याचा मांस-मासळीतल्या प्युरीनइतका त्रास होत नाही म्हणे. मग त्यांनी हिशेब मांडला. किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं धरली, तर माझ्या ७२ किलोंना रोज साठेक ग्रॅम लागणार. पूर्वी एक बरासा बांगडा त्यातले वीस उचलायचा. आमच्या घरच्या पातळ आमटीची वाटी चार-पाच ग्रॅमवर आटोपते. साबुदाण्याचं तर नावच काढू नये, तो नुसता पिष्टमय.

घरी येऊन ही कहाणी आईला सांगितली. आठवड्याभरात पार्सल आलं. कुळथाचं पीठ, काळे वाटाणे, आमसुलं आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तिरफळं, आमच्याकडचा एक मसाला. कुळथात शंभर ग्रॅमला बावीसच्या आसपास प्रथिनं असतात, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तिला एवढंच ठाऊक की शिवराकाच्या दिवशी पिठी, म्हणजे या पिठाची आमटी, करतात.

शिवराक म्हणजे आमच्याकडचं शाकाहारी जेवण. मी एकदा मोजदाद केली. वर्षाचे बावन्न सोमवार, दोन डझन एकादश्या, डझनभर संकष्ट्या, अख्खा श्रावण आणि पुढे गणपती जाईपर्यंतचे दिवस. एकावर एक आलेले वगळले तरी शंभरच्या खाली येत नाहीत. म्हणजे आमचं मासेखाऊ घर वर्षातले शंभर दिवस शाकाहारी होतं आणि त्या दिवसांत पनीरचा तुकडा कधी दारात आला नाही. काळ्या वाटाण्याचं सांबार व्हायचं, फणसाच्या कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी व्हायची, पावसाळ्यात आठळ्या घालून टाकळा. तो टाकळा ताटात मी मुद्दाम भाताखाली दडपायचो. आता पुण्याच्या मंडईत जुडी दिसली की घासाघीस न करता घेतो.

हळूहळू पिठी जमायला लागली. गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत, लसणाच्या फोडणीत कंजूषपणा करायचा नाही, आमसूल शेवटी. जिलबी सुटली नाही, पण रविवारपुरती उरली. कोल्ड्रिंकच्या जागी सोलकढी आली. वजन उतरलं, अंगठा गप्प आहे. बी-१२ ची गोळी मात्र चालू आहे. दूध-दही मला फारसं आवडत नाही आणि हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात मिळत नाही, कुळथाचं कितीही कौतुक केलं तरी.

माशांची आठवण येते का, असं लोक विचारतात. यायची, आणि ती माशाच्या मांसाची असावी असं मला वाटायचं. गेल्या जानेवारीत घरी गेलो, तेव्हा बाबांसाठी बांगड्याची कढी रटरटत होती. शेजारच्या चुलीवर आईने माझ्यासाठी मुगागाठी लावलेल्या. मूग मोड आणून, गरम पाण्यात चोळून एकेकाचं साल काढलेलं, आणि वाटप बांगड्याचंच: ओलं खोबरं, सुकी मिरची, धणे, हळद. शेवटी तिने तिरफळं जराशी ठेचून पाण्यासकट ओतली आणि झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी ते उघडलं, तेव्हा कुठल्या पातेल्यातून कुठला वास येतोय, मला सांगता आलं नसतं. जिभेवर ती बारीक झिणझिणी आली आणि मी चार वर्षं नेमकं काय शोधत होतो ते कळलं.

"तिरफळां चावू नको," आई म्हणाली, जसं काही मी पाहुणा होतो.

जेवण संपत आलं तेव्हा बाबांच्या ताटाच्या कडेला काटे होते, माझ्या ताटाच्या कडेला तिरफळं. आईने दोन्ही ताटांकडे एकदा पाहिलं आणि न विचारता मला आणखी भात वाढला.