आमची वाटचाल : बंद बॉयलर पुन्हा पेटवताना

सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांना रंगाई आणि साईझिंगसाठी, म्हणजे सुताला खळ द्यायला, वाफ लागते. ती वाफ बनवणाऱ्या बॉयलरची देखभाल हे आमच्या फर्मचं काम. सुरुवात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका गाळ्यात झाली. भांडवल म्हणजे बॉयलरच्या नळ्या घट्ट बसवायचा ट्यूब एक्स्पांडर, हायड्रो टेस्टचा (पाण्याच्या दाबाने बॉयलर तपासायचा) हातपंप आणि दाबाचा गेज तपासायचा डेड वेट टेस्टर. तो टेस्टर आजही वापरात आहे. गेजच खोटा बोलत असेल तर बाकीची तपासणी फुकट. मधली वर्षं कामात गेली.

2020 मध्ये मात्र फर्म बुडायच्या बेतात होती. 25 मार्चला देशभर टाळेबंदी लागली आणि बॉयलर रीतीने बंद करायला कुणालाच वेळ मिळाला नाही. जुनी बिलं अडकली. परवानगी मिळताच प्रत्येकाला दुसऱ्याच दिवशी वाफ हवी होती. शहरातल्याच एका प्रतिस्पर्ध्याने निम्मा दर लावला : सकाळी पेटवायचं, दुपारी वाफ. तपासल्याशिवाय पेटवणार नाही, हे आमचं म्हणणं अनेकांना आडमुठेपणा वाटलं. आमची कितीतरी गिऱ्हाइकं तिकडे गेली आणि त्याचा सल अजून आहे. 7 मे रोजी विशाखापट्टणमला बंद कारखान्याच्या टाकीतलं स्टायरीन तापून वायू पसरला, माणसं गेली. 9 मे रोजी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने कळवलं की कारखाना पुन्हा सुरू करताना पहिला आठवडा चाचणीचाच धरा. तरीही घासाघीस थांबली नाही. होटगी रोडवरचे एक चादरवाले मालक, आमचे पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक, त्यांनी मात्र सांगितलं, ‘तुम्ही हो म्हणाल तेव्हाच काडी लावू,’ आणि आगाऊ रक्कमही दिली. फर्म टिकली ती अशा माणसांमुळे.

अर्धवट पाणी ठेवून सोडलेला बॉयलर सगळ्यात वाईट. पाण्याच्या रेषेवर प्राणवायू पत्र्याला खड्डे पाडतो. बंद ठेवायचाच तर पूर्ण कोरडा करून आत ट्रेमध्ये कळीचा चुना ठेवावा, नाहीतर काठोकाठ भरून प्राणवायू शोषणारं सल्फाइट घालावं आणि पीएच 10.5 ते 11 राखावा. आगीच्या बाजूची काजळी ओल धरते आणि त्यातलं गंधक ट्यूब खातं, म्हणून ती आधी झाडून काढायची. मॅनहोल उघडून पाण्याच्या रेषेवर हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. शंका आली तर कामाच्या दाबाच्या सव्वा ते दीडपट हायड्रो टेस्ट घ्यायची.

मोबरे म्हणजे पाणी कमी झालं की अलार्म वाजवणारं फ्लोटचं यंत्र. त्याच्या चेंबरमध्ये गाळ बसला की फ्लोट अडकतो आणि पाणी संपलं तरी अलार्म वाजत नाही. चेंबर ब्लोडाउन करून (गाळ दाबाने बाहेर सोडून) अलार्म आणि भट्टीचा पंखा बंद करणारा स्विच, दोन्ही तपासा. लाकूड-कोळशाच्या भट्टीत पंखा थांबला तरी निखारा तापवतच राहतो, हे फायरमनला पुन्हा सांगा. पातळी दाखवणाऱ्या काचेत, म्हणजे गेजग्लासमध्ये, पाणी दिसेनासं झालं तर आग विझवायची. तापलेल्या ट्यूबवर गार पाणी सोडलं तर बॉयलर फाटतो.

भट्टीच्या विटा ओल पितात, त्यामुळे आधी मंद आगीवर सुकवाव्या. थंड शेल बॉयलरला (मोठ्या पिंपात पाणी असलेल्या) पूर्ण दाब गाठायला किमान 8 तास द्यावेत. वरचा व्हेंट स्वच्छ वाफ येईपर्यंत उघडा ठेवावा. दाब पाऊणपट झाला की सेफ्टी व्हॉल्व्हचा लिव्हर उचलून पाहावा, बंद काळात सीट चिकटलेली असते. वाफ लाइनमध्ये सोडणारा स्टॉप व्हॉल्व्ह किंचित उघडून लाइनचे सगळे ड्रेन सोडावेत, नाहीतर साचलेलं पाणी वाफेबरोबर धावतं आणि पाइपचा बेंड फोडतं.

बॉयलर झाला म्हणजे काम झालं असं समजू नये. रंगखात्यातले हायड्रोचे, म्हणजे रंगाईत वापरायच्या सोडियम हायड्रोसल्फाइट पावडरचे, ड्रम पाहा. झाकणातून ओल गेली की पावडर स्वतःहून तापते, गंधकाचा उग्र वास सुटतो आणि थोडंसं पाणी मारल्यास आग आणखी भडकते. कोमट लागणारा ड्रम उघडू नये, माणसं बाहेर काढावीत आणि अग्निशमन दलाला बोलवावं. सांडपाण्याच्या बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोड्या वेळाने नाकाला त्याचा वास येईनासा होतो, तेव्हा वासावर विसंबू नये, मीटरने मोजावं. ब्लोअर लावावा, प्राणवायू 19.5 टक्क्यांच्या वर आहे का ते मोजावं, दोर बांधावा आणि वर एक माणूस उभा ठेवावा. आत कुणी पडला तर वरच्याने मागोमाग उतरू नये, दोराने ओढावं. आणि मोजायचा मीटरही कपाटात बंद पडून होता, त्याचा सेन्सर आधी चाचणी वायूवर तपासून घ्यावा.