बडोद्याच्या विश्वामित्रीत मगरी बघायला

बडोद्याला जायचं म्हटलं की लोक लक्ष्मी विलास पॅलेस, म्युझियम आणि सेव उसळ सांगतात, मी यावेळी खास मगरींसाठी गेलो होतो. ऐन शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत, आणि थोड्याथोडक्या नाहीत, 2025 च्या मोजणीत 400 च्या वर भरल्या! मुक्काम आत्याकडे, दांडिया बाजारात. आत्या म्हणाली, "अरे पुलावरून जाताना खाली बघायचं, दिसतात की." लाखोंच्या शहरात राहणारं माणूस मगरीबद्दल इतकं सहज बोलतं हेच मला फार भारी वाटलं.

जानेवारीची सकाळ होती. आतेभाऊ सोबत होता, दादा बरीच वर्षं मगरी पकडून परत नदीत सोडणाऱ्या लोकांबरोबर जातो, त्यामुळे त्याला काठ न् काठ पाठ आहे. कोठीवरून चालत काळा घोड्याच्या पुलावर आलो, बाजूलाच कमाटीबाग, सयाजीराव महाराजांनी 1879 मध्ये केलेली. पाणी खरं सांगायचं तर घाण आहे, सांडपाण्याचा वास येतो. पण ऊन काठावर पडलं आणि एक मोठी मगर पाण्यातून वर आली, पोट चिखलात घासत, चार पावलं टाकायची आणि थांबायची. ओली होती तोवर पाठ काळी दिसत होती, मग वाळत वाळत राखाडी झाली, खवल्यांच्या उभ्या रांगा एकेक करून दिसायला लागल्या. थोड्या वेळाने तिने जबडा उघडला आणि तसाच ठेवला. दादा म्हणाला ती रागावलेली नाही, अंग तापलं की तोंड उघडून गार करते. तिच्या शेपटीजवळ एक बगळा आरामात मासे शोधत होता.

मग दादाने काठातली बिळं दाखवली. मगर मातीच्या काठात बीळ खोदते, उन्हाळ्यात आणि कडक थंडीत त्यात बसते. मादी उन्हाळ्याच्या तोंडाला पाण्यापासून जरा वर खड्डा करून अंडी घालते आणि पाऊस येता येता पिल्लं बाहेर पडतात. अंडी किती तापली त्यावर नर होणार की मादी हे ठरतं, म्हणजे वरचं गवत, झाडाची सावली, मातीचा ओलावा सगळंच त्यात आलं. अंड्यांवर घोरपड, मुंगूस, कुत्री टपलेली असतात. आणि मोठ्या झालेल्या मगरी मासे तर खातातच, पण नदीत येणारी मेलेली जनावरंही संपवतात, ते काम शहरात दुसरं कोण करणार?

ऑगस्ट 2024 च्या पुराचा विषय निघाला तेव्हा दादा एकदम गंभीर झाला. नदी पावागढच्या डोंगरात उगम पावते, तिकडे धो धो पाऊस, वर आजवा सरोवराचं पाणी, धोक्याची पातळी 25 फूट आहे आणि पाणी 35 च्याही वर गेलं. मगरी सोसायट्यांच्या आवारात, रस्त्यावर आल्या. टीव्हीवर सगळीकडे "मगर शहरात घुसली" असंच चाललं होतं, मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. नदीच्या दोन्ही बाजूंना घळी आहेत, तिकडे कोतरं म्हणतात, पुराचं पाणी आधी त्यांच्यात पसरायचं, जिरायचं. त्यातल्या कितीतरी ठिकाणी भराव पडला, बांधकामं झाली, मग पाण्याने जायचं कुठे आणि मगरीने तरी कुठे? ज्या कोतरात ती अंडी घालते तेच कोतर माणसाच्या घरात पाणी शिरू देत नाही. पुरानंतर नदी खोल आणि रुंद करायचं काम निघालं, ते लागणारच होतं, पण काठ मातीचा आणि झाडांचा राहिला पाहिजे. सिमेंटच्या भिंतीत मगर बीळ कसं करणार, आणि भिंत पाणी पिणार थोडीच!

दुसऱ्या दिवशी आणंद जिल्ह्यात मलातजला गेलो. गावच्या तळ्यात मगरी आणि त्याच तळ्यात म्हशी डुंबतायत, बायका काठावर कपडे धुतायत. इथे खोडियार मातेचं देऊळ आहे, मगर तिचं वाहन, त्यामुळे मगरीला कोणी दगड मारत नाही. एका आजींना विचारलं भीती नाही वाटत का, त्या हिंदी-गुजराती मिसळून म्हणाल्या की तिला आम्ही माहीत आहोत आणि आम्हाला ती. पण त्या धुताना नजर पाण्यावर ठेवून होत्या, हेही मी बघितलं.

जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी जा, सकाळी ऊन चढल्यावर, दुर्बीण न्या. पुलावरूनच बघा, काठावर उतरू नका. आणि वरून चिकनचे तुकडे टाकणारे लोक दिसतील, त्यांना थांबवा, कारण खाणं माणसाकडून मिळतं हे मगरीला कळलं की ती काठावर माणसांची वाट बघायला लागते.