अण्णांचा लाल डोळा

सांगलीच्या हळद बाजारात उमेदीची वर्षे काढलेल्या अण्णांचा उजवा डोळा वयाच्या 72 व्या वर्षी लाल झाला, तेव्हा डोळे आले असावेत असे समजून आम्ही चार दिवस दुकानातून आणलेले थेंब घातले. ती चूक आमचीच. चिपडे येत नव्हती, उलट उजेड सोसत नव्हता आणि आत ठणका होता.

मिरजेच्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहून युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या मधल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थराचा दाह, असे निदान केले. स्टिरॉइडच्या थेंबांबरोबर त्यांनी बाहुली मोठी ठेवणारे थेंबही दिले, कारण दाहामुळे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटू शकतो. दाहाचे कारण शोधण्यासाठी पूर्वी नागीण झाली होती का, हे विचारून क्षय आणि सिफिलिस या गुप्तरोगाच्या तपासण्याही सांगितल्या (दुसरे नाव ऐकून अण्णा दोन दिवस घुश्शात होते). उतारवयात क्वचित डोळ्यातील लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग, अशाच दाहाचे रूप घेतो, म्हणून उपचारांना दाद न मिळाल्यास पुढील तपास टाळता येत नाही.

स्टिरॉइडमुळे डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. तरीही हे थेंब एकाएकी थांबवायचे नसतात. सध्या थेंब दिवसातून दोनदा आहेत आणि दर पंधरवड्याला दाब मोजून घेतो.