माझा अनुभव : बिलावर टायरचा नंबर नव्हता, म्हणून गेलेले २६ दिवस

सगळ्यात आधी हे सांगते, बाकीचं मागाहून. गाडीला नवीन टायर टाकाल तेव्हा दुकानदाराकडून बिलावर प्रत्येक टायरचा नंबर लिहून घ्या. 'टायर २ नग' एवढंच लिहिलेलं बिल पर्समध्ये टाकून घरी येऊ नका. एप्रिल २०२३ मध्ये मी तसं बिल घेऊन आले होते. त्यापायी मला २०२५ च्या २८ जूनपासून २४ जुलैपर्यंत खेटे घालावे लागले. अजूनही त्या दुकानावरून जाताना माझं डोकं तापतं.

मी लातुरात राहते, शिकवायला चाकूरला जाते. नांदेड रस्त्यानं जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. गाडी मीच चालवते. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं आणि आठवडाभरात स्टेअरिंग हाताला वेगळं लागायला लागलं. साठपर्यंत काही नाही. सत्तर ओलांडले की थरथर सुरू. बॅलन्सिंग करून घेतलं, म्हणजे रिमला शिशाचे तुकडे चिकटवून चाक समतोल केलं; दोन दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिथल्या पोरानं पुढचं डावं चाक जॅकवर उचललं, टायरजवळ पेचकस स्थिर धरला आणि चाक हातानं हळूहळू फिरवलं. प्रत्येक फेऱ्यात एका ठरावीक जागी नक्षी पेचकसाला घासत होती. तिथं तळहात फिरवून बघितला तर रबराला उंचवटा लागला.

"मॅडम, फुगा आलाय. आतला पट्टा सुटलाय. ह्याच्यावर चाकूरला जाऊ नका."

नक्षीच्या खाली तारांचे पट्टे असतात. ते रबरापासून सुटले की तिथं उंचवटा येतो. उन्हात तापलेल्या रस्त्यावर, वेगात, तोच भाग आणखी तापून एका क्षणी फाटतो. म्हणून बॅलन्सिंग करूनही थरथर जात नसेल तर शिसं चिकटवत बसू नका, चाक उचलून असं फिरवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. मी तीन दिवस त्या टायरवर अप-डाऊन केलं होतं, एक दिवस तर पोरीला शेजारी बसवून. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

टायर सव्वादोन वर्षं वापरलेला, नक्षी भरपूर शिल्लक. त्या पोरानंच सुचवलं, क्लेम टाका, म्हणजे वॉरंटीत टायर बदलून मागा. कंपनीच्या अधिकृत दुकानात शनिवारी, २८ जूनला, टायर जमा केला. पावती मिळाली. "साहेब गुरुवारी येतेत, बघतेत, मग सांगतो." साहेब म्हणजे टायर तपासणारा कंपनीचा माणूस. इथपर्यंत सगळं सुरळीत झालं, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

३ जुलैचा गुरुवार. साहेब आले नाहीत. मी एक तास आधी सुटी टाकून आले होते. कोणी फोन करून कळवलं नाही. तेव्हापासून निघायच्या आधी मीच फोन करायला लागले.

१० जुलैला, गुरुपौर्णिमेच्या दिवशी, साहेब आले. ते माणूस म्हणून चांगले होते, हे लिहायलाच पाहिजे. त्यांनी टायर आडवा टाकला, आत बॅटरी मारली आणि आतल्या अस्तरावर गोल हात फिरवला. मी विचारलं, काय शोधताय? ते म्हणाले, हवा कमी ठेवून गाडी पळवली असेल तर बाजू सतत दुमडून आत काळपट गोल पट्टा उमटतो. खड्ड्यात जोरात आदळली असेल तर आतला धागा तुटल्याची खूण दिसते. दोन्हीपैकी काहीही दिसलं तर क्लेम तिथंच नामंजूर. माझ्या टायरात दोन्ही नव्हतं. दर पंधरा दिवसांनी पहाटे हवा तपासण्याचा माझा नेम तिथं कामी आला. ते ऐकून मला खरंच अभिमान वाटला.

मग त्यांनी बिल मागितलं.

बिल मी दिलं. तारीख होती, माझं नाव होतं, रक्कम होती. 'टायर २ नग.' साहेबांनी टायर उलटा केला आणि बाजूवरच्या नंबरातले चार आकडे दाखवले : ११२१. म्हणजे २०२१ सालचा अकरावा आठवडा. टायर मार्च २०२१ मध्ये तयार झालेला, मला विकला एप्रिल २०२३ मध्ये. तोपर्यंत दोन वर्षं तो कुठल्या तरी गोदामात पडून होता आणि मी त्याचे नव्याचे पैसे मोजले होते! वॉरंटी तीन वर्षांची. विक्रीपासून धरली तर एप्रिल २०२६ पर्यंत शिल्लक. पण बिलावर नंबर नाही, म्हणजे हाच टायर त्या दिवशी विकला याला पुरावा नाही, म्हणून त्यांच्या नियमाप्रमाणे मुदत तयार झाल्यापासून मोजायची. तशी मोजली तर ती मार्च २०२४ मध्येच संपलेली.

"टायर क्लेममध्ये बसतो, मॅडम. कागद बसत नाही." एवढं बोलून त्यांनी फॉर्मवर 'प्रलंबित' लिहिलं.

तिथून सरळ मी जुन्या दुकानात गेले, जिथून टायर घेतले होते तिथं. आता नीट ऐका, कारण ह्या जागी कोणीही अडकू शकतं. मी मागत होते एवढंच : तुमच्या दुकानाच्या कागदावर लिहून द्या, की ह्या नंबरचे दोन टायर अमुक बिलानं अमुक तारखेला ह्या गाडीला बसवले. मालक म्हणाले, आमच्याकडं असंच बिल असतं. मी म्हटलं, बिल बदलू नका, वेगळं पत्र द्या. म्हणाले, दोन वर्षांपूर्वीचा माल, कुठला नंबर कुठं गेला आम्हाला काय माहीत? मी म्हटलं, तुमच्या खरेदीच्या वहीत असेल. म्हणाले, वही सीएकडं आहे. उद्या या.

उद्या गेले. मालक लग्नाला गेले होते. परवा गेले. मुलगा गल्ल्यावर होता, त्याला अधिकार नव्हता. त्याच्यासमोर बाकावर पाऊण तास बसून राहिले. उठताना तो म्हणाला, "काय करालात मॅडम, एका टायरसाठी एवढं? नवीन घेऊन टाका की." हे वाक्य मी विसरणार नाही. प्रश्न पैशाचा होताच, पण माझी चूक नसताना माझ्याकडूनच पुरावा मागायचा आणि वर मलाच हट्टी ठरवायचं, याचा राग जास्त होता. नंबर लिहिला की माल किती जुना आहे हे गिऱ्हाइकाला कळतं. लिहायची टाळाटाळ त्यापोटीच होती, असं माझं मत झालंय.

ह्या दिवसांत मी चाकूरला एसटीनं जात होते. गाडीला स्टेपनी लावलेली होती, पण तिच्यावरचा आकडा बघितला तर ०८१७. गाडीबरोबर आलेली, एकदाही न वापरलेली, नक्षी कोरी; पण बाजूला बारीक भेगा पडलेल्या. रबर न वापरताही कडक होतं, आमच्याकडच्या उन्हात तर होतंच. आठ वर्षांची स्टेपनी गावातल्या गावात चालेल, महामार्गावर तिच्यावर माझा जीव मी सोपवणार नाही. तुमच्या डिकीतली स्टेपनी आज बाहेर काढून तिचा आकडा वाचा. हवाही बघा, माझ्या स्टेपनीत फक्त १८ पीएसआय होती.

शनिवारी, १२ जुलैला, १९१५ वर फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता आलं. त्यांनी बिलाचा तपशील विचारला, तक्रार लिहून घेतली, नोंदणी क्रमांक दिला. हे न्यायालय नव्हे; ते तक्रार समोरच्यापर्यंत पोचवतात आणि उत्तर मागतात. पण तो क्रमांक कागदावर आला की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी स्वतः पाहिलं. सोमवारी मी क्रमांक लिहिलेला कागद घेऊन पुन्हा दुकानात गेले, आवाज न चढवता तो मालकांपुढं ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. "बसा ताई," म्हणाले. वही सीएकडं नव्हती. मागच्या फळीवर होती. माल आला त्या दिवसाच्या पानावर दोन्ही टायरचे नंबर होते.

पत्र लिहायला पाच मिनिटं लागली. तीन ओळी, शिक्का, सही. ह्या तीन ओळींसाठी माझ्या चार फेऱ्या झाल्या होत्या.

१७ जुलैला साहेबांनी पत्र घेतलं, वर पाठवलं. २४ जुलैला मंजुरी आली.

मंजूर म्हणजे टायर फुकट, असं समजू नका. मीही तसंच समजत होते. जेवढी नक्षी झिजली तेवढे पैसे आपण भरायचे. नवीन टायरची खोली ८ मिलिमीटर, त्यातले खालचे १.६ धरत नाहीत, कारण तिथं टायरचं आयुष्य संपतं. राहिले ६.४. माझ्या टायरची खोली ४.८ भरली, त्यातून १.६ वजा केले तर ३.२. म्हणजे बरोबर निम्मं. टायरची किंमत ५,८००, मी भरले २,९००. मोजमाप तुमच्यासमोर करायला सांगा, खोली तीन-चार ठिकाणी मोजायला लावा. ते १.६ कुठं आलं हे घरीही दिसतं : नक्षीच्या खाचेत आडवे छोटे उंचवटे असतात, झीज त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा. गोटा होईपर्यंत वाट बघायची नाही. पावसात खाचेतून पाणी बाहेर जायला जागा उरली नाही तर गाडी रस्त्याऐवजी पाण्यावर चालते.

दुसरा टायरही त्याच ११२१ चा होता. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला निम्मा झिजलेला, असं एका जोडीत ठेवायचं नाही, म्हणून दुसरा मी पूर्ण पैसे देऊन घेतला आणि जुना स्टेपनीला टाकला. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला. बिलावर तेही बघून घ्या.

बसवताना पुन्हा वाद झाला, पण छोटा. पोरगं म्हणालं नवे पुढं टाकतो, इंजिन पुढं आहे. मी म्हटलं, मागं. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर पाय उचलून गाडी सावरता येते. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, मग आपल्या हातात काही राहत नाही. म्हणून चांगली जोडी कायम मागं, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी. त्यानं ऐकलं. व्हॉल्व्हही नवे टाकायला लावले. जुन्या रबरी व्हॉल्व्हमधून हळूहळू हवा जाते आणि दोष टायरवर येतो.

हवेचं राहिलंच. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. माझ्या गाडीला ३३. घरचं माणूस भरून, बॅगा टाकून तुळजापूरला जायचं असेल तर त्याच स्टिकरवर भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा असतो. मापायची गाडी थंड असताना. भर दुपारी चाकूरहून आल्यावर मापलं तर ३७ दिसतात, ते चार उष्णतेचे असतात; ते काढले तर सकाळी टायर उपाशी. आमच्याकडं अजून लोक म्हणतात, उन्हाळा आहे, हवा कमीच ठेवा, नाहीतर फुटेल. अगदी उलट आहे. हवा कमी असलेला टायर जास्त दुमडतो, जास्त तापतो आणि तोच फुटतो. समृद्धीवर जाणाऱ्यांनी तर हे पाठच करावं. तिथं तासन्‌तास एकाच वेगानं काँक्रीटवर पळायचं असतं, चाकाला गार व्हायला उसंत मिळत नाही. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मी देत नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. त्यापेक्षा दर पंधरवड्याला मापणं जास्त उपयोगाचं.

आणि एक, ते चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात. कधी कधी तीच बाजू आत जाते आणि गाडीखाली वाकून मोबाइलचा उजेड टाकून वाचावं लागतं. म्हणून चाक गाडीला चढवायच्या आधी, टायर जमिनीवर असतानाच वाचा आणि फोटो काढा.

२४ तारखेला मी तसंच केलं. दोन्ही टायर भिंतीला टेकवून उभे होते. आकडे होते १९२५ आणि २०२५, म्हणजे त्याच वर्षीच्या मे महिन्यातले. गल्ल्यावरच्या पोरीनं बिल फाडलं, त्यावर 'टायर २ नग' होतं. मी पेन तिच्या हातात दिला आणि वाकून एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. तिनं दोन्ही नंबर पूर्ण लिहिले, शेजारी शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी आष्टामोड ओलांडताना काटा ऐंशीवर होता. स्टेअरिंग अजिबात थरथरलं नाही.